दोन कॅलिपरच्या पुढच्या ब्रेकची होज: आडवी जोडणी, दोन सरळ होज की मध्ये सांधा?

फोंडेकर६५०

नमस्कार मंडळी. माझ्याकडे जुनी, एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) नसलेली कावासाकी निन्जा ६५० आहे. पुढच्या चाकाला दोन डिस्क आणि दोन कॅलिपर (पॅडने डिस्क चिमटीत धरणारे भाग) आहेत. गाडी सेकंडहँड घेतली तेव्हाच आधीच्या मालकाने मूळ रबरी होज (ब्रेक ऑइलची नळी) काढून स्टीलच्या जाळीची होज बसवलेली होती. मास्टर सिलिंडरपासून (लिव्हरजवळचा, ऑइलवर दाब देणारा भाग) एक लांब होज उजव्या कॅलिपरपर्यंत येते आणि तिथल्याच बँजो बोल्टवरून (होजच्या टोकाचा गोल डोळा, म्हणजे बँजो, पकडणारा पोकळ बोल्ट) दुसरी, आखूड होज मडगार्डवरून आडवी जाऊन डाव्या कॅलिपरला मिळते. जाळीवर प्लॅस्टिकचे आवरण नाही, त्यामुळे मडगार्डचा रंग तर गेलाच, पण ती जाळी आता खालचे प्लॅस्टिकही कानशीसारखी घासत आहे.

माझ्या अडचणी दोन आहेत. उजव्या बाजूचे पॅड डाव्या बाजूच्या पॅडपेक्षा बरेच लवकर झिजतात. आमच्याकडचे मिस्त्री म्हणतात की ब्रेक ऑइल आधी उजव्या कॅलिपरला पोहोचते आणि डाव्याला उरलेसुरले मिळते, म्हणून मास्टर सिलिंडरपासूनच दोन स्वतंत्र होज घ्या. दुसरी अडचण अशी की कितीही वेळा हवा काढली तरी लिव्हर हवा तसा कडक होत नाही. गाडी रोज फोंड्याहून वेर्ण्याला जाते, आणि अधूनमधून चोर्ला घाटाने बेळगावला. परतताना उतारावर पुढच्या ब्रेकवर विश्वास वाटावा, एवढीच अपेक्षा आहे.

होज बदलायची हे नक्की. तिची वाट कशी ठेवावी, याबद्दल मात्र ऐकावे तितकी मते आहेत. शिवाय एका मित्राने सुचवले की खाणीच्या यंत्रांना हायड्रॉलिक होज करून देणाऱ्या दुकानातून हव्या त्या लांबीची होज क्रिंप करून (टोके दाबून पक्की करून) घ्यावी, ती स्वस्तही पडेल आणि मजबूतही असेल. हे योग्य आहे का?

मेस्त_म्हापसा

फोंडेकरबाब, पॅडच्या झिजेचा आणि होजच्या वाटेचा संबंध जोडू नका, कारण तो नाही. बंद नळीतल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम ब्रेकलाही लागू आहे. मास्टर सिलिंडरपासून उजवा कॅलिपर दोन हात लांब असो आणि डावा तीन हात, लिव्हर दाबून धरल्यावर दोन्ही ठिकाणी दाब एकच असतो. ऑइल काही वाहत जाऊन वाटले जात नाही. पॅड डिस्कला टेकल्यानंतर ते जवळजवळ जागचे हलतही नाही.

मग उजवे पॅड लवकर का झिजतात? तुमच्या गाडीचे पुढचे कॅलिपर सरकणाऱ्या प्रकारचे आहेत, म्हणजे दोन्ही पिस्टन एकाच बाजूला असतात आणि कॅलिपर आपल्या पिनांवर सरकून समोरच्या पॅडला डिस्कवर ओढतो. या पिना कोरड्या पडल्या किंवा गंजल्या की कॅलिपर सरकत नाही. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात हे इतके सर्रास घडते की अशी तक्रार आली की मी आधी पिना काढतो आणि मग होजकडे बघतो. डाव्या कॅलिपरच्या पिना किंवा पिस्टन अडकले असतील तर डावी बाजू कमी काम करते आणि उजवीवर भार येतो. उलट उजव्या कॅलिपरचे पिस्टन मागे येत नसतील, तर लिव्हर सोडल्यावरही उजवे पॅड डिस्कला घासत राहतात. यातले नेमके काय झाले आहे हे ओळखण्यासाठी पुढचे चाक उचला, एकेक कॅलिपर उतरवून चाक हाताने फिरवून पाहा, आणि प्रत्येक कॅलिपरच्या आतल्या व बाहेरच्या पॅडची जाडी वेगवेगळी मोजा. एकाच कॅलिपरचे दोन पॅड एकमेकांपेक्षा खूप वेगळे झिजले असतील तर पिना अडकल्या आहेत असे समजण्यास हरकत नाही.

लिव्हर नरम राहण्याचा दोष मात्र वाटेचा असू शकतो. हवा वर जाते. आडव्या जोडणीत मडगार्डवरची होज कमानीसारखी चढते आणि दोन्ही टोकांना खाली उतरते, त्यामुळे त्या कमानीच्या माथ्यावर बुडबुडा बसला की त्याला मास्टर सिलिंडरकडे जायला वाट नसते आणि निपलकडे (कॅलिपरवरच्या हवा काढायच्या तोटीकडे) जायचे तर खाली उतरावे लागते. हळूहळू लिव्हर दाबून तो निघत नाही. त्याला जोराच्या प्रवाहाने ढकलावे लागते. आधी उजवा कॅलिपर साफ करा, मग डाव्या निपलला सिरिंज लावून ऑइल सलग खेचा. किंवा डावा कॅलिपर फोर्कवरून उतरवून, पॅडमध्ये लाकडाची पट्टी घालून, मडगार्डपेक्षा उंच धरा आणि मग हवा काढा. पट्टी विसरलात तर पिस्टन बाहेर येतील.

नव्या होजसाठी माझे मत मास्टर सिलिंडरपासून दोन स्वतंत्र होज घेण्याकडे आहे. त्याने ब्रेकची ताकद वाढेल म्हणून नव्हे. ब्रेकची ताकद मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर यांच्या पिस्टनच्या क्षेत्रफळांच्या प्रमाणावर ठरते, होजच्या संख्येवर नाही. दोन्ही होज खालपासून वरपर्यंत चढत जातात, मध्ये कुठे कमान नसते, म्हणून हवा आपोआप वर येते, हा खरा फायदा. वर मास्टर सिलिंडरला दुहेरी बँजोसाठीचा लांब बोल्ट लागतो आणि दोन डोळ्यांसाठी तीन वॉशर: बोल्टच्या माथ्याखाली एक, दोन डोळ्यांच्या मध्ये एक आणि सिलिंडरच्या बाजूला एक. तांब्याचे असोत वा ॲल्युमिनियमचे, वॉशर प्रत्येक वेळी नवेच वापरावेत. बोल्ट घेताना पेच नीट पाहा. जपानी गाड्यांवर बहुधा एम१० बाय १.२५ असतो आणि ब्रेम्बोच्या बहुतेक भागांवर एम१० बाय १.०. चुकीचा बोल्ट सुरुवातीचे एकदोन आटे घेतो, मग ॲल्युमिनियममधले आटे उखडतो, आणि मास्टर सिलिंडर बदलण्याची वेळ येते. पोलादी बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर घट्टपणा लागतो, पण आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा अंतिम मानावा.

वाळपईची_वाट

मेस्तांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, पण दोन सरळ होज हा मला रस्त्यावरच्या गाडीसाठी उत्तम पर्याय वाटत नाही. शर्यतीच्या गाडीवर ती पद्धत शोभते, कारण तिथे होज वरचेवर काढावी लागते, हँडल फार वळत नाही आणि हेडलाइट, हॉर्न, वायरिंगची गर्दी नसते. रस्त्यावरच्या गाडीत दोन जाड होज हँडलपासून निघून इग्निशनच्या वायरिंगजवळून खाली आणायच्या, त्या दोन्ही हँडल पूर्ण वळवल्यावर अडकता कामा नयेत, आणि शॉकअप दाबले गेल्यावर दोघींची जास्तीची लांबी कुठेतरी सामावली पाहिजे.

माझ्या मते मास्टर सिलिंडरपासून खालच्या टीपर्यंत (फोर्कचे दोन पाय एकत्र धरणाऱ्या आडव्या भागापर्यंत) एकच होज आणावी, तिथे सांध्याचा ठोकळा पक्का बसवावा आणि त्यातून दोन होज दोन कॅलिपरना द्याव्यात. मास्टर सिलिंडर, फोर्कचा टी आणि हँडल एकत्रच वळतात, म्हणून वरच्या होजला त्यांच्यामध्ये जवळपास हालचाल नसते. खालच्या दोन होजना फक्त शॉकअपची वरखाली सोसावी लागते. मडगार्डवरून काहीच जात नसल्याने ते घासणेही थांबते. ठोकळा टीवर किंवा त्याच्याबरोबर वळणाऱ्या भागावरच बसवायचा, चेसिसवर नाही, नाहीतर हँडलच्या प्रत्येक वळणाबरोबर होज पिळली जाईल.

दोष सांगायचा तर सांधे वाढतात. दोन सरळ होजना एकूण सात वॉशर लागतात, आडव्या जोडणीलाही सातच, आणि ठोकळ्याच्या तिन्ही तोंडांना बँजो असेल तर हा आकडा बारावर जातो. प्रत्येक वॉशर ही गळतीची संभाव्य जागा, हे मान्य. पण नीट बसवलेला सांधा वर्षानुवर्षे गळत नाही, आणि घासलेली होज एक दिवस दगा देते.

मेस्त_म्हापसा

वाळपईकरांचा युक्तिवाद चांगला आहे, तरी माझा आक्षेप कायम आहे. ठोकळा खालच्या टीखाली बसतो, म्हणजे पुढच्या चाकाने उडवलेला लाल चिखल नेमका तिथेच साचतो. पावसाळ्याच्या शेवटी तिथले बोल्ट पाहिलेत तर मी काय म्हणतो ते कळेल. शिवाय ठोकळ्यातली वरच्या दिशेची पोकळी आडवी बसली तर तिथेही हवा अडकते, म्हणून त्याचे वरचे तोंड खरोखर वर आहे याची खात्री करावी लागते. गर्दीचे म्हणाल तर दोन होज फोर्कच्या मागून, दोन टींच्या मधून एकत्र आणल्या आणि बँजोचे कोन बरोबर निवडले, तर अडचण येत नाही. एक डोळा सरळ आणि दुसरा २० अंशांत वाकवलेला घेतला की वर दोन्ही तोंडे एकमेकांवर आदळत नाहीत.

वास्कोचा_खलाशी

या दोघांचा वाद चालू राहू दे, मला मूळ प्रश्नातल्या हायड्रॉलिक होजबद्दल लिहायचे आहे, कारण ते सर्वांत धोकादायक आहे. खोदयंत्रांची होज खनिज तेलासाठी बनवलेली असते आणि तिच्या आतले रबर बहुधा नायट्राइल असते. आपले डॉट ४ ब्रेक ऑइल ग्लायकॉलच्या कुळातले आहे. ते नायट्राइलला फुगवते आणि मऊ करते. वाहनांच्या ब्रेकमध्ये म्हणूनच ईपीडीएम रबराची सील वापरतात आणि जाळीच्या होजमध्ये आतली नळी टेफ्लॉनची असते. यंत्राची होज दाबाला कमी पडेल म्हणून नव्हे, तर आतून कुजून तिचे तुकडे सुटतील आणि मास्टर सिलिंडरच्या बारीक छिद्रात अडकतील म्हणून ती घेऊ नये. त्याच कारणाने ब्रेकच्या भागांना साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइलही लागू देऊ नये. पिनांसाठी सिलिकॉनचे वेगळे ग्रीस मिळते.

होज घ्यायची ती मोटारसायकलच्या ब्रेकसाठीच केलेली, कारखान्यात क्रिंप केलेली, आणि जाळीवर पारदर्शक किंवा काळे प्लॅस्टिकचे आवरण असलेली. हे आवरण केवळ शोभेचे नाही. उघडी जाळी समोर येईल ते घासते, आणि जाळीत शिरलेली वाळू व मीठ आतून टेफ्लॉनच्या नळीलाच घासत राहतात. आपल्याकडे कोलव्याला किंवा मिरामारला गाडी उभी केली की तासाभरात ती चिकट होते, हे तुम्ही जाणताच. फिटिंग स्टेनलेस स्टीलची घ्या, पण ती ॲल्युमिनियमच्या कॅलिपरला लागून असते आणि मधे खारे पाणी आले की गंज ॲल्युमिनियमला चढतो. समुद्राजवळून आल्यावर गोड्या पाण्याने धुणे एवढाच त्यावर उपाय.

आता मोजमाप. होज मागवण्याआधी लांबी नीट घेतली नाही तर वरची सगळी चर्चा फुकट आहे. गाडी इंजिनखाली किंवा स्टेअरिंग हेडखाली टेकू देऊन पुढचे चाक हवेत लटकेल अशी उभी करा, म्हणजे शॉकअप पूर्ण उघडतील. गाडी स्टँडवर चाक टेकून उभी असताना मोजलेली लांबी हमखास कमी पडते, आणि खड्ड्यावरून चाक उडाले की तीच होज ताणली जाते. कमी ताठ असलेली जुनी केबल किंवा पारदर्शक पाइप घ्या, तो होजच्या वाटेने मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत ठेवा, आणि हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहा. एका बँजोच्या डोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर लिहून ठेवा. मग शॉकअप पट्ट्याने खेचून शक्य तितके दाबा. रस्त्यावरच्या गाडीत पुढचा प्रवास साधारण १२० ते १३० मिलिमीटर असतो, म्हणजे तेवढी होज कुठेतरी वाकणार. ती बाहेरच्या बाजूला किंवा फोर्कच्या मागे वाकावी, टायर, डिस्क किंवा रेडिएटरकडे नाही. मडगार्डच्या क्लिपमध्ये होज पकडताना रबराचा तुकडा घाला, पण ती इतकी आवळू नका की क्लिपपाशीच वाकायला लागेल. आणि बँजो घट्ट करताना होज पिळली जाणार नाही याकडे लक्ष द्या. होजवर लांबीला छापलेली रेघ सरळ दिसते की नागमोडी, यावरून पीळ लगेच ओळखता येतो.

फोंडेकर६५०

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मेस्तांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही कॅलिपर उतरवले. डाव्या कॅलिपरची एक पिन हाताने हलेना. तिच्या रबरी बुटाला चीर पडली होती आणि आत ग्रीसऐवजी पांढरट चुरा होता. उजव्या कॅलिपरच्या पिना मोकळ्या आहेत. म्हणजे डावी बाजू अर्धवटच काम करत होती आणि उजवे पॅड तिचेही काम करत होते. पिन साफ करून, बूट बदलून, सिलिकॉन ग्रीस लावले आहे. यंत्राच्या होजचा विचार सोडून दिला.

मडगावची_स्वारी

याच धाग्यात माझी एक शंका. माझ्या गाडीलाही पुढे दोन कॅलिपर आहेत, पण तिला एबीएस आहे. मला जाळीची होज घ्यायची आहे. विक्रेत्याने मास्टर सिलिंडरपासून थेट दोन होजचा संच दाखवला. तो बसवला तर चालेल का?

मेस्त_म्हापसा

ताई, तो संच एबीएस नसलेल्या गाडीचा आहे. तो बसवला की एबीएसचा मॉड्युलेटर (ब्रेकचा दाब कमीजास्त करणारा भाग) वाटेतून बाहेर पडतो आणि पुढचे एबीएस बंद होते. डॅशबोर्डवरचा दिवा लागला किंवा नाही लागला तरी. आपल्या गाडीत मास्टर सिलिंडरपासून होज आधी मॉड्युलेटरला जाते, तिथून पुढच्या चाकाची एक वाट बाहेर पडते आणि तिच्यापुढेच दोन कॅलिपरसाठी फाटा असतो. फाटा नेहमी मॉड्युलेटरच्या नंतर आला पाहिजे. आधी आला तर एका कॅलिपरवर एबीएसचे नियंत्रणच राहत नाही, आणि निसरड्या रस्त्यावर तो एकटा चाक अडकवू शकतो. १ एप्रिल २०१८ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना आणि १ एप्रिल २०१९ पासून तशा सर्वच नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले आहे, तेव्हा त्यानंतरच्या गाडीवर असे फेरफार कायद्याच्या दृष्टीनेही अडचणीचे ठरतील. आपल्याच मॉडेलचा, एबीएससाठी बनवलेला पूर्ण संच घ्या, आणि हवा काढण्याचे काम मॉड्युलेटरच्या झडपा यंत्राने चालवू शकणाऱ्या ठिकाणीच करून घ्या. काही गाड्यांत त्याशिवाय मॉड्युलेटरमधली हवा निघत नाही.

वाळपईची_वाट

मेस्त, तुम्ही एबीएसच्या गाडीत फाटा खाली ठेवायला सांगता आणि एबीएस नसलेल्या गाडीत त्याच फाट्याला चिखल लागतो म्हणता, याची नोंद घेतली आहे.

मेस्त_म्हापसा

एबीएसच्या गाडीत पर्याय नसतो, म्हणून ठेवायचा. पर्याय असताना कशाला?

फोंडेकर६५०

मी दोन सरळ होज घेण्याचे ठरवले आहे, मुख्यतः हवा सहज निघावी म्हणून. वाळपईकरांचा मडगार्डचा मुद्दा त्यातही सुटतोच. चाक लटकते ठेवून, हँडल दोन्हीकडे वळवून मापे घेतली. डाव्या होजला उजव्यापेक्षा बरीच जास्त लांबी लागते, कारण ती टीच्या मागून ओलांडून जाते. पहिल्या मापात, गाडी स्टँडवर असताना, ती नेमकी पुरत होती आणि चाक लटकताच ताणली गेली, तेव्हा खलाशींचे म्हणणे पटले. होज येईपर्यंत एकच विचारायचे आहे: नवे ऑइल आताच घेऊन ठेवावे का?

वास्कोचा_खलाशी

घेऊन ठेवलेत तरी डबा उघडू नका. डॉट ४ हवेतले पाणी शोषते, आणि आपल्या हवेत पाण्याची कमतरता नाही. ताजे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शोषल्यावर तोच १५५ पर्यंत उतरू शकतो. चोर्ल्याच्या उतारावर सतत ब्रेक धरला की ऑइल उकळते, वाफ दाबली जाते आणि लिव्हर हँडलला टेकतो. शक्य असल्यास हे काम कोरड्या दिवशी करा, गेल्या वर्षीचा अर्धा डबा वापरू नका, आणि जांभळे डॉट ५ सिलिकॉन ऑइल यात मिसळू नका. टाकीवर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचकटतो.

मेस्त_म्हापसा

आणि सगळे बसवून झाल्यावर लिव्हर पूर्ण जोराने दाबून मिनिटभर धरा, तोवर दुसऱ्या कुणाला तरी प्रत्येक बँजोखाली कोरडा कागद लावून बघायला सांगा. कागद ओला झाला तर बोल्ट आणखी आवळू नका, उघडून वॉशर बदला. त्यानंतर अंगणात, चालण्याच्या वेगाने, दोन्ही पायांनी टेकत पहिला ब्रेक मारा. संध्याकाळी लिव्हर कुठपर्यंत येतो ते पाहून ठेवा आणि सकाळी पुन्हा तपासा. तो खाली गेलेला असेल, तर कुठेतरी हवा राहिली आहे किंवा गळती आहे, आणि गाडी रस्त्यावर नेऊ नये.